बामच्या बाटलीतला मुतखडा

मी मुतखडा बोलतोय. नाक मुरडू नका. हे वाचणाऱ्यांपैकी कितीजणांच्या पोटात माझे भाऊबंद आत्ता मांडी ठोकून बसले असतील, त्याचा हिशेब तुमच्याकडे नाही. तेव्हा जरा गप बसा आणि ऐका. दगडाला बोलावं लागतंय, म्हणजे माणसांनी किती डोकं उठवलं असेल ते समजून घ्या.

आकाराने मी तुरीच्या दाण्याएवढा. रंग मातकट, अंगाला बारीक काटे. पत्ता, शिवाजी पेठ, कोल्हापूर. तिथे राजशेखरची चिरमुऱ्याची भट्टी आहे. भट्टीच्या पुढे दुकान, दुकानात वजनकाट्याच्या वर एक फळी आणि फळीवर बामची रिकामी बाटली. त्या बाटलीत मी तीन वर्षं राहिलो. शेजारी आणखी एक खडा होता, बोराच्या बीएवढा. मी त्याला थोरला म्हणायचो. तो राजशेखरच्या वडिलांचा, म्हणजे महालिंगआज्जांचा. मी राजशेखरचा. त्यांच्या घराण्यात आमचं घराणं, असा हा मामला.

राजशेखरला मी अरे-तुरे करतो म्हणून रागावू नका. त्याच्या डाव्या किडनीत मी दोन वर्षं काढली आहेत. तेवढा हक्क मला आहे.

माझा जन्म सांगायचा तर आधी भट्टी सांगावी लागेल. कढईतली वाळू तापली की मिठाच्या पाण्यात मुरवलेला तांदूळ तिच्यात पडतो. झाऱ्याचे चार हात फिरले की तो फुलून वर येतो, आणि मग चाळणीने वाळू गाळायची. पहाटेपासून दुपारी बारापर्यंत राजशेखर त्या आगीपुढे उभा असतो. बनियन पिळला तर तांब्याभर घाम निघेल. एवढा घाम गेल्यावर कुठलाही प्राणी पाणी पिईल. म्हैस पिईल, कुत्रं पिईल. राजशेखर पीत नाही.

कारण त्याच्या बापाने त्याला शिकवलंय, "तापल्या अंगावर पाणी प्यायचं न्हाय, छातीत बसतंय." बरं, अंग निवेपर्यंत जेवणाची वेळ होते. जेवताना पाणी प्यायचं नाही, कारण अन्न पचत नाही. जेवल्यावर लगेच प्यायचं नाही, कारण पोट सुटतं. मग झोप. उठल्यावर चहा. संध्याकाळी दुकानात बसल्या बसल्या ताजे खारे चिरमुरे मूठ-मूठ तोंडात. अहो, मग हा माणूस पाणी पिणार कधी? दिवसाला दोन तांबे. त्यातला एक हात धुवायला.

शरीराला जे बाहेर टाकायचं असतं ते विरघळायला पाणी लागतं. पाणी कमी पडलं की क्षार खाली बसतात, जसा तुमच्या पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. तसा मी बसलो. कणाचा दाणा झालो. मी मुद्दाम काही केलं नाही, मला कुणी हलवलंच नाही.

दोन वर्षांनी एका रविवारी राजशेखर टेंपोत चिरमुऱ्याची पोती घालून जोतिबाला निघाला होता. तिथले दुकानदार त्याच्याकडूनच माल घेतात. घाटात टेंपो वळला आणि मीही जागेवरून सुटलो. पुढे जे झालं त्याबद्दल मी माफी मागणार नाही. माझ्या अंगाला काटे आहेत आणि किडनीतून खाली उतरणारी नळी दोऱ्याएवढी. राजशेखर टेंपोतून उतरून रस्त्याच्या कडेला गडबडा लोळला. तिथेच त्याने नवस बोलला की, "जोतिबा, हे निघू दे, सव्वा किलो गुलाल-खोबरं उधळीन."

मग पेठेतले वैद्य जमले. पेठेत वैद्य फार. एकाने हुलग्याचं पाणी सांगितलं, एकाने पानफुटीची पानं चघळायला दिली, एकाने हळूच कानात बिअर सांगितली. राजशेखरच्या बायकोने, महादेवीने, त्या बिअरवाल्याला दारातूनच परत पाठवलं. शेवटी एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषध दिलं आणि म्हणाले, "भरपूर पाणी प्या. लघवी गाळून घ्या. खडा पडला की मला आणून द्या. तो कशाचा आहे ते तपासलं की पुढचं पथ्य ठरवता येतं."

गाळायचं काम मात्र राजशेखरने झकास केलं. चाळणी हातात घेऊन ज्याचा जन्म गेला तो यात कशाला कमी पडेल? नवव्या दिवशी मी गाळणीत पडलो. महादेवीने ती चहाची गाळणी त्याच दिवशी फेकली, हा भाग वेगळा.

आता मला सांगा, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? खडा आणून द्या. राजशेखरने काय केलं? मला धुतलं, पुसलं आणि बामच्या बाटलीत थोरल्याच्या शेजारी ठेवून दिलं. दुकानात कुणी पाव किलो चिरमुरे घ्यायला आलं की बाटली खाली उतरायची. "ह्यो बघा, ह्यो पोटातनं काढलाय. आनी ह्यो आमच्या अप्पांचा." गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं आणि राजशेखर मिशीवर हात फिरवायचा. जणू जत्रेतल्या कुस्तीतलं बक्षीसच. पुढच्या रविवारी गुलाल-खोबरं उधळून आला. देवाचं फेडलं, डॉक्टरांचं राहिलं. महिनाभर पाणी प्याला आणि मग ये रे माझ्या मागल्या.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी स्वतः ऐकली आहे. फेरतपासणीला हा पठ्ठ्या मला खिशात घेऊन गेला होता, तिथल्या शिपायाला दाखवायला. शिपायाला दाखवला, डॉक्टरांना नाही. डॉक्टर म्हणाले, "ज्याला एकदा होतो, त्यातल्या निम्म्या लोकांना पाच-दहा वर्षांत परत होतो. तुमच्या वडिलांनाही झाला होता, म्हणजे तुम्हाला जास्त जपायला पाहिजे. आणि मुलांचीही एकदा तपासणी करून घ्या."

"मला पोरगा न्हाय, डॉक्टर. एक पोरगीच हाय."

"मुलींनाही होतो."

राजशेखरने मान डोलावली. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. बाहेर आल्यावर तो महादेवीला म्हणाला, "आमच्या घराण्यात बाप्यांनाच असतोय."

या एका वाक्याने माझं डोकं फिरतं. बाप्यांनाच असतोय. हे कुणी मोजलं? कधी मोजलं? महालिंगआज्जांच्या पोटात थोरला नऊ वर्षं होता. आज्जा त्याला 'वात' म्हणत कूस शेकत बसले. शेवटी ती उजवी किडनी पार निकामी झाली आणि खड्यासकट काढून टाकावी लागली. ते एका किडनीवर तीसेक वर्षं जगतायत. इतकं होऊनही घरात कुणी दोन वाक्यं नीट बोललं नाही. फक्त बाटलीत खडा ठेवला.

आता त्या पोरीची गोष्ट. शांभवी, राजशेखरची एकुलती एक लेक, वय चोवीस. करवीर तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये शिक्षिका. सकाळी आठची एसटी, संध्याकाळी पाचची परत. त्या शाळेत बाई शिक्षकांना एकच संडास. त्याची कडी मोडलेली आणि नळाला पाणी नाही. एकीने दार धरायचं आणि दुसरीने जायचं. म्हणून शांभवी दिवसभर पाणीच पीत नाही. पर्समधली बाटली सकाळी भरून नेते आणि संध्याकाळी जशीच्या तशी आणून दुकानापुढच्या कुंडीत ओतते. कुंडीतली जास्वंद टरारून आलीय. महादेवी शेजारणीला कौतुकाने सांगते, "आमची पोरगी भायेरचं पाणी पीत न्हाय." कौतुक कशाचं करावं यालाही काही धरबंध असावा.

दिवाळीपासून शांभवीची डावी कूस दुखायला लागली. संध्याकाळी ती दुकानात येऊन बसायची तेव्हा एक हात कमरेवर असायचा. महादेवी म्हणायची, "दिवसभर हुबं ऱ्हातीस, कंबर भरणारच." गरम पाण्याची पिशवी यायची. एक दिवस शांभवीने आईला सांगितलं की दुखणं मागून सुरू होतं, बरगडीच्या खालून, आणि तिरकं खाली जांघेकडे उतरतं. फळीवर बसून मी ऐकत होतो. अहो, तो रस्ता मी स्वतः चाललोय. त्याचं वळण न वळण मला पाठ आहे. मी ओरडलो असतो. पण दगडाला तोंड नाही आणि ज्यांना तोंड आहे ते चिरमुरे खाण्यात गुंतलेले.

एकदा तिने बापाला सरळ विचारलंही. "पप्पा, तुम्हाला खडा झालता तेव्हा कुठं दुखायचं?"

राजशेखर मापटं भरता भरता म्हणाला, "तुला कशाला त्यातलं? ते बाप्यांचं दुखणं हाय."

तिने गरम पाण्याची पिशवी परत कमरेला लावली. शिकलेली पोरगी, पण घरात बाप म्हणतो ते खरं, असं आपल्याकडे असतंच.

त्यातच कुरुंदवाडचं स्थळ आलं. मुलगा विश्वजित, खत-बियाण्यांचं दुकान, घराणं चांगलं. घरात सगळा कारभार मुलाच्या आजीचा, मल्लव्वांचा. सत्तरी ओलांडलेली बाई, पण नजर अशी की पोत्यातला किडका दाणा वरून ओळखेल. बघणं झालं, पसंती झाली, सुपारी फुटली. त्या दिवसापासून राजशेखरचा रंग बदलला. ज्या मला तो गिऱ्हाइकांपुढे मिरवत होता, त्या माझी त्याला लाज वाटू लागली.

त्याने घरात सगळ्यांना बसवून बजावलं, "कुरुंदवाडकरांच्या म्होरं खड्याचं नाव काढायचं न्हाय. किडनीचं घराणं म्हणून पोरगी घरात ऱ्हाईल. आनी अप्पा, तुमच्या कुशीतला टाका कुणी बघितला तर बैलानं मारलंय म्हणायचं."

महालिंगआज्जांनी विचारलं, "चिरमुऱ्याच्या भट्टीवर बैल कुठनं आला रे?"

"म्हणायचं काय तरी."

तुम्हीच सांगा, कशाला काय म्हणावं? खडा पडला तेव्हा पेठभर दवंडी. आणि जिथे सांगितल्याने पोरीचं भलं झालं असतं तिथे तोंडाला कुलूप.

बस्त्याचा दिवस ठरला, रविवार. मल्लव्वा आणि विश्वजित सकाळी गाडीने आले. आधी दुकानात चहा. ते पायरी चढतायत एवढ्यात राजशेखरचं लक्ष फळीकडे गेलं. बाटली तिथेच. त्याने झटकन ती उचलली आणि पँटच्या खिशात कोंबली. "या या पावणं, बसा की." अशा रीतीने मी आणि थोरला बस्त्याला निघालो.

शांभवीला सकाळपासून हुडहुडी भरत होती. तिने कुणाला सांगितलं नाही. महाद्वार रोडवर साडीच्या दुकानात गादीवर साड्यांचा ढीग पडला होता. मल्लव्वा एकेक पदर बोटांनी चोळून बघत होत्या. शांभवीने एक जांभळी साडी हातात घेतली आणि तशीच ठेवली. ती उठून दाराकडे धावली, पायरीवर ओकली आणि भिंतीला धरून खाली बसली. विश्वजितने तिला उचलून रिक्षात घातलं आणि जवळच्याच एका लहान दवाखान्यात नेलं.

दुपारचे दोन वाजले होते. ताप एकशे तीन. डॉक्टर तरुण होते, शांतपणे विचारत होते. "घरात कुणाला मुतखड्याचा त्रास आहे? आई, वडील, आजोबा? नीट आठवून सांगा, त्यावर पुढचं ठरतं."

खोलीत शांभवी कण्हत होती, महादेवी तिच्या उशाशी. समोरच्या बाकावर मल्लव्वा. राजशेखरने मल्लव्वांकडे बघितलं आणि म्हणाला, "न्हाय वो डॉक्टर. आमच्यात कुणाला काय न्हाय."

मी त्याच्या खिशात होतो. त्याने खिशात हात घातला होता आणि बाटली मुठीत आवळून धरली होती.  एवढा निर्लज्ज खोटेपणा मी जन्मात बघितला नाही, आणि माझा जन्म कुठे गेलाय ते तुम्हाला माहीत आहे. महादेवीने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. तिचाही मला राग आला. पण तिलाही वाटत होतं की हे वेगळंच काहीतरी आहे, पोरीला कसा खडा होईल?

डॉक्टर म्हणाले, "लघवीत जंतुसंसर्ग झालेला दिसतोय. सलाईन आणि इंजेक्शन सुरू करतो. आज रविवार, आमच्याकडे सोनोग्राफी करणारे उद्या सकाळी येतील. तोवर बघू."

तासभर गेला. ताप उतरला नाही, चढला. शांभवीचे दात वाजत होते. विश्वजित औषधं आणायला वर-खाली करत होता. मल्लव्वा बाकावरून हलल्या नव्हत्या.

साडेतीनला महालिंगआज्जा आले. महादेवीने कपडे मागवले होते, ते शेजारच्या पोराच्या हाती न देता स्वतःच रिक्षा करून घेऊन आले. त्यांनी पिशवी ठेवली, नातीच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, "कुठनं कुठं दुखालंय, बाळ?"

शांभवीने डोळे न उघडता बोट बरगडीखाली टेकवलं आणि तिरकी रेघ ओढत खाली आणलं.

आज्जा उठून उभे राहिले. मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. ते राजशेखरला म्हणाले, "डाक्टरला काय सांगितलंस?"

राजशेखरने कपड्यांची पिशवी उचलून खाटेखाली सरकवली.

"काय सांगितलंस, म्हणतोय."

"अप्पा, पावणं हाइत."

"पावणं हाइत म्हणूनच विचारालोय." मग ते मल्लव्वांकडे वळले आणि त्यांनी सदरा वर केला. बरगडीखालून पाठीपर्यंत गेलेला तो जुना टाका. "हे बघून घ्या, अव्वा. हे बैलानं मारल्यालं न्हाय. हितनं माझी किडनी काढल्या, खड्यानं नासल्याली. ह्येलाबी खडा झालाय. आनी माझी थोरली भन हुती, गौरव्वा. ती असंच बोटानं दावायची, हितनं हितं. लगीन करून दिली. सासरी तापानं फणफणून गेली. समदी म्हणाली पोटदुखी. मला खडा झाला तवा मला कळलं, तिलाबी ह्येच झालतं. पर कुणाला बोललो न्हाय. आमच्यात बाप्याला झालं की खडा, बाईला झालं की पोटदुखी."

 मग आज्जांनी राजशेखरपुढे हात केला. "काढ. फळीवर बाटली न्हाय, तवा तुझ्याच खिशात असणार."

राजशेखरने मला बाहेर काढलं. 

महादेवी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी बाटली उजेडात धरली. मग ते राजशेखरला म्हणाले, आवाज न चढवता, "खडा अडकलेला आणि त्यात ताप, म्हणजे थांबायचं नसतं. मी तुम्हाला दीड तास आधी पुढं पाठवलं असतं." आणि बाटली आज्जांच्या हातात देऊन फोनकडे गेले.

त्यानंतर सगळं भराभर झालं. मोठा दवाखाना, स्कॅन. डाव्या नळीत खडा गच्च अडकलेला, वरची किडनी सुजून पुवाने भरलेली. सात वाजता शांभवीला आत नेलं आणि खड्याच्या बाजूने बारीक नळी घालून पू वाहता केला. खडा नंतर काढणार, आधी किडनी मोकळी करायची. तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आज आणलंत म्हणून. उद्यावर गेलं असतं तर ही किडनी हाताला लागली नसती. पुढचं तर मी बोलतच नाही."

राजशेखर भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. मला त्याची कीव आली का? आली. खोटं कशाला बोलू? पण राग त्याहून जास्त होता.

मल्लव्वा त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "राजशेखर, खड्याचं मला काय न्हाय. आमच्यात निम्म्या घराला साखरेचं दुखणं हाय, आनी ते मीबी तुला सांगितल्यालं न्हाय. पर डाक्टर तुला विचारत हुता आनी तू माझ्या तोंडाकडं बघून बोललास. पोरगी तिकडं कण्हत हुती. ते मी बघितलंय."

 मल्लव्वा परत बाकावर जाऊन बसल्या आणि शांभवीला बाहेर आणेपर्यंत तिथेच राहिल्या. लग्न मोडलं नाही, पुढे ढकललं. विश्वजित दर दोन दिवसांनी येतो. तो आणि शांभवी काय बोलतात ते मला माहीत नाही, कारण ती दोघं दुकानात बोलत नाहीत, आणि ते बरंच आहे.

या गोष्टीला आता महिना होत आला. शांभवीचा खडाही दुर्बिणीने काढला. आत घातलेली नळी अजून आठवडाभर आहे. शाळेत परतली त्या पहिल्याच दिवशी ती थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. संडासाला कडी बसली. नळ अजून बसायचाय, पण ती रोज विचारते.

राजशेखरचीही तपासणी झाली. उजव्या किडनीत दोन खडे, म्हणजे माझे धाकटे. ऐकून मी कपाळाला हात लावला असता, हात असता तर. भट्टीजवळ आता पाण्याचा मोठा जार ठेवलाय. शांभवीने त्यावर खुणा केल्यात, दहा वाजेपर्यंत इथपर्यंत, बारापर्यंत इथपर्यंत. परवा साडेअकरा वाजले तरी पाणी दहाच्या खुणेच्या वरच. शांभवीने विचारलं तर हा काय म्हणाला असेल? "अंग तापलंय गं, जरा निवू दे." पालथ्या घड्यावर पाणी. तिने पेला भरला आणि तो पिऊन संपेपर्यंत झाऱ्याला हात लावू दिला नाही.

आज ती त्याला घेऊन प्रयोगशाळेत आली आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की लेकीचा आणि बापाचा, दोन्ही खडे तपासा. कशाचे आहेत ते कळलं तर दोघांचं पथ्य नीट ठरवता येईल, आणि पुढे तिला मुलं झाली तर त्यांच्यासाठीही उपयोग होईल. थोरला घरीच राहिला, आज्जांनी त्याला ठेवून घेतलं. मी कागदाच्या पुडीत खिडकीवर आहे. शेजारच्या पुडीत शांभवीचा खडा. पिढीने माझा धाकटा, पण आजवर भेट नव्हती.

खिडकीतल्या मुलीने एक फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, घरात आणखी कुणाला त्रास आहे किंवा होता. राजशेखरने पेन घेतलं. वडील, लिहिलं. स्वतः, लिहिलं. मुलगी, लिहिलं. फॉर्म परत द्यायला लागला, पण शांभवीने त्यावर हात ठेवला.  राजशेखरने तिच्याकडे बघितलं आणि हळूहळू लिहिलं, आत्या, गौरव्वा.

"वय?" मुलीने विचारलं. "म्हणजे त्रास झाला तेव्हाचं."

राजशेखरला माहीत नव्हतं. त्याने फोन लावला. "अप्पा, गौरव्वा आत्या गेली तवा केवढी हुती?"

 फोनवर आज्जांचा आवाज आला. "कोण विचारालंय?"

"दवाखान्यात लिवून घ्यालेत."

"बावीस," आज्जा म्हणाले. "बावीस हुती. नीट लिव. तिचं वय आजवर कुणी विचारलं न्हवतं."

राजशेखरने लिहिलं. आकडा गिरवून गिरवून लिहिला, कागद फाटेल एवढा.

आता मला आत नेतील आणि खलात कुटून माझी पूड करतील. त्याचं मला काही वाटत नाही. तीन वर्षं बाटलीत मिरवण्यापेक्षा एक दिवस उपयोगी पडलेलं बरं. पाणी प्या, हे मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्हाला माहीत आहे आणि तरी तुम्ही पीत नाही. दुसरं एक काम सांगतो, तेवढं करा. तुमच्याही घरात पोटदुखीने गेलेली कुणी आत्या असेल, कुणी मावशी असेल. तिला कुठे दुखायचं आणि ती गेली तेव्हा केवढी होती, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून घ्या.